बी, जमीन आणि सी अर्चिनचं अंडं

आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, दाराजवळच्या कपाटात, फॉर्मॅलिनच्या बरणीत एक काटेरी गोळा ठेवलेला असे. लेबलवर ‘सी अर्चिन’ लिहिलेलं. समुद्रापासून इतक्या लांब, सोलापूरसारख्या कोरड्या गावात, पोरं त्याला साळिंदराचं पिल्लू म्हणायची. वीस वर्षं मी त्या बरणीवरची धूळ पुसून तो प्राणी दाखवत आलो. काटेरी त्वचेच्या प्राण्यांचा संघ, पाच भागांची शरीररचना, परीक्षेला चार मार्क. विषय संपला.

गेल्या रमजानच्या आधी माझी मोठी खाला वारली. तिच्या दफनानंतर घरात बायका बसल्या होत्या. त्यातली एक हळहळून म्हणाली, “बिचारीची कूसच कोरडी होती.” ते वाक्य ऐकलं आणि मला ती बरणी आठवली. त्या दोन गोष्टींचा संबंध काय, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहितोय.

खालाचं लग्न एकोणिसाव्या वर्षी झालं. सात वर्षं मूल नाही. या सात वर्षांत तिची पिशवी दोनदा साफ केली, नळ्यांचा एक्स-रे काढला, हकीमाच्या पुड्या झाल्या, ताईत झाले, गुरुवारी दर्ग्यावर जाणं झालं. खालूंची एकही तपासणी झाली नाही. कुणी तसं सुचवलंही नाही. शेवटी खालूंनी दुसरा निकाह केला आणि खाला आमच्या घरी परत आली, ती मरेपर्यंत शिलाई मशीनवर बसून राहिली. दुसऱ्या बायकोलाही मूल झालं नाही. तेव्हा लोक म्हणाले, “त्या माणसाचं नशीबच खोटं.” पहिलीच्या वेळी दोष बाईचा होता, दुसरीच्या वेळी तो नशिबाचा झाला. पुरुषाचा मात्र कधीच झाला नाही.

आणि मी? खालूंचा दुसरा निकाह झाला त्या वर्षी मी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होतो. फलन म्हणजे काय, यावर मी दहा पानांचं उत्तर लिहू शकत होतो. घरात मात्र तोंड उघडलं नाही. मोठ्यांच्या गोष्टीत आपण कशाला पडायचं, असं स्वतःला सांगितलं.

‘कोरडी कूस’ या शब्दांमागे एक जुनी समजूत आहे. पुरुष बी पेरतो, बाई ही जमीन. पीक आलं तर बियाण्याचं कौतुक, नाही आलं तर जमीन नापीक. ही समजूत आमच्याच मोहल्ल्यातली नाही. शेजारच्या वाड्यातही तीच आहे, शहरातल्या शिकलेल्या फ्लॅटमध्येही आहे. तिला धर्म नाही, जात नाही. आणि ती पाठ्यपुस्तकांतही शिरली. ‘शुक्राणू शर्यत करतात, सर्वांत बलवान शुक्राणू अंड्याचं कवच भेदतो आणि अंडं फलित होतं.’ वाक्यातली सगळी क्रियापदं शुक्राणूकडे. अंड्याच्या वाट्याला फक्त ‘होतं’. एमिली मार्टिन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९९१ साली नेमक्या याच भाषेवर एक गाजलेला लेख लिहिला. विज्ञानाच्या पुस्तकांतसुद्धा अंडं लाजाळू नवरीसारखं आणि शुक्राणू घोड्यावरच्या नवरदेवासारखा कसा रंगवला जातो, हे त्यांनी दाखवलं.

आता बरणीतल्या प्राण्याकडे येऊ. फलन कसं होतं, हे माणसाने पहिल्यांदा नीट पाहिलं ते याच काटेरी गोळ्याच्या अंड्यात. जर्मन शास्त्रज्ञ ऑस्कर हर्टविग यांनी भूमध्य समुद्राकाठी सी अर्चिनच्या अंड्यात दोन केंद्रकं, एक आईकडचं आणि एक बापाकडचं, एकमेकांत मिसळताना पाहिली आणि १८७६ साली ते प्रसिद्ध केलं. सी अर्चिनच का? कारण त्याचं फलन शरीराबाहेर, समुद्राच्या पाण्यात होतं. मादीला पोटॅशियम क्लोराइडचं इंजेक्शन दिलं की ती लाखो अंडी सोडते. अंडी बऱ्यापैकी पारदर्शक असतात. एक अंडं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढं किंवा त्याहूनही लहान. काचपट्टीवर अंडी ठेवा, त्यात पातळ केलेल्या शुक्रपेशींचा थेंब सोडा, आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. मिनिटाभरात प्रत्येक अंड्याभोवती एक पारदर्शक पडदा फुग्यासारखा वर उचलला जातो. त्याला फलनपटल म्हणतात.

हा पडदा कोण उचलतं? शुक्रपेशी नव्हे. अंडं स्वतः उचलतं. त्यासाठी लागणारी विकरं अंड्याने आधीच तयार करून ठेवलेली असतात.

विकर म्हणजे एंझाइम. वर्गात दरवर्षी कुणीतरी ‘विकर’चा ‘विकार’ करतो, म्हणून सांगतो की हा आजार नाही. पेशीतली रासायनिक कामं झटपट घडवून आणणारी ही प्रथिनं. ती नसती तर तीच कामं व्हायला इतका वेळ लागला असता की जीव जगलाच नसता.

सी अर्चिनच्या अंड्याच्या कातडीखाली सुमारे १५,००० बारीक पिशव्या रांगेने मांडलेल्या असतात. त्यात ही विकरं भरलेली असतात, पण कुलूप लावून. शुक्रपेशी अंड्याला जुळली की पहिल्या एक-दोन सेकंदांतच अंड्याच्या पटलावरचा विद्युतभार उलटतो. आधी सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट असतो, तो अधिक २० च्या आसपास जातो. हा दार अर्धं लोटून घेण्याचा प्रकार. त्यामुळे मागून आलेल्या दुसऱ्या शुक्रपेशीला आत येता येत नाही. पण हा अडसर मिनिटभरच टिकतो. तेवढ्या वेळात कायमचा बंदोबस्त करावा लागतो.

मग शुक्रपेशी जिथे जुळली त्या जागेपासून कॅल्शियमची एक लाट निघते आणि साधारण अर्ध्या मिनिटात अंड्याच्या दुसऱ्या टोकाला पोचते. लाट जाईल तिथल्या पिशव्या फुटत जातात. बाहेर पडलेलं एक विकर प्रथिनं कापणारं असतं. ते अंड्याची वरची साय आणि पटल यांच्यातले टाके उसवतं आणि शुक्रपेशींना चिकटायला असलेल्या जागाही छाटून टाकतं. मधल्या जागेत पाणी शिरतं, साय फुगते, पडदा वर येतो. पण हा पडदा अजून कच्चा असतो. अंड्याच्या पटलातलं दुसरं एक विकर ऑक्सिजनपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं. जखमेवर ओतल्यावर फेस येतो तेच द्रव्य. तिसरं विकर, त्याचं नाव ओव्होपेरॉक्सिडेज, ते पेरॉक्साइड वापरून पडद्यातल्या प्रथिनांचे धागे एकमेकांना पक्के जोडतं. काही मिनिटांत कच्चा पडदा चिवट होतो. आता आतला गर्भ सुरक्षित.

इथे प्रश्न पडतो की इतकं जहाल द्रव्य स्वतः बनवलं तर अंडं स्वतःच कसं जळत नाही? त्याचीही सोय आहे. अंड्यात ओव्होथायॉल नावाचं संयुग भरपूर साठवलेलं असतं. आत झिरपणारं पेरॉक्साइड ते निकामी करतं. आणि पेरॉक्साइड बनवायला जे रासायनिक इंधन लागतं, तेच ओव्होथायॉलला पुन्हा ताजं करायलाही लागतं. हे इंधन वाढवण्यासाठी आणखी एक विकर, एनएडी कायनेज, फलनानंतर पहिल्या काही मिनिटांतच जागं होतं. डेव्हिड एपेल यांनी हे १९६४ साली दाखवून दिलं. म्हणजे शस्त्र आणि ढाल दोन्ही एकाच कोठारातून, आणि कोठाराचं दार वेळेवर उघडायची व्यवस्थाही आधीच केलेली.

यातलं एकही विकर शुक्रपेशी घेऊन आलेली नाही. फलनानंतर घाईने बनवलेलंही नाही. मादीच्या शरीरात अंडं वाढत होतं, त्या काळात हे सगळं बनवून, मोजून, बांधून ठेवलेलं होतं.

एक गंमत सांगतो. १९०८ साली नेपल्सच्या सागरी केंद्रात ओटो वारबुर्ग या तरुण जर्मन शास्त्रज्ञाने मोजलं की फलन झालेलं सी अर्चिनचं अंडं आधीपेक्षा सुमारे सहापट ऑक्सिजन घेतं. त्याला वाटलं, अंडं झोपेतून उठून श्वास घेऊ लागलं. श्वसनाच्या विकरावरच्या कामासाठी पुढे १९३१ साली त्याला नोबेलही मिळालं. पण त्याचं हे निरीक्षण नीट उलगडायला सत्तर वर्षं लागली. १९७० च्या दशकात लक्षात आलं की त्या सुरुवातीच्या ऑक्सिजनचा बराच मोठा भाग श्वसनाला जातच नाही. तो पडदा पक्का करायच्या पेरॉक्साइडला जातो. अंडं नुसतं जागं झालं नव्हतं, ते आपल्या घराला भिंत घालत होतं.

मग शुक्रपेशी नसली तर? १८९९ साली जॅक लोएब यांनी अमेरिकेत वूड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत समुद्राच्या पाण्यातले क्षार बदलून, शुक्रपेशीशिवाय, सी अर्चिनच्या अंड्यांची वाढ सुरू करून दाखवली. १९३६ मध्ये एथेल ब्राऊन हार्वी या बाई त्याही पुढे गेल्या. त्यांनी अंडी वेगाने फिरवून त्यांचे दोन तुकडे केले, केंद्रक नसलेला तुकडा घेतला, आणि खारट पाण्याने तोही जागा केला. केंद्रक नाही, शुक्रपेशी नाही, तरी तो तुकडा विभागत विभागत शेकडो पेशींपर्यंत गेला. त्यातून जीव तयार झाला नाही, होणारही नव्हता. पण आईने अंड्यात किती शिदोरी बांधून दिलेली असते, हे त्यातून दिसलं.

या सगळ्या कहाणीत मला सर्वांत जवळचा वाटतो तो अर्नेस्ट एव्हरेट जस्ट. १८८३ साली अमेरिकेच्या दक्षिणेतल्या चार्ल्स्टन गावात एका काळ्या कुटुंबात जन्मला. बाप लहानपणीच गेला, आईने शाळा चालवली आणि मुलाला शिकवलं. १९०९ पासून सुमारे वीस उन्हाळे तो वूड्स होलला समुद्री प्राण्यांच्या अंड्यांवर काम करत होता. अंडी कशी हाताळावीत, भांडी किती स्वच्छ हवीत, कुठलं अंडं निरोगी आणि कुठलं नाही, हे त्याच्याइतकं कुणाला कळत नसे. गोरे संशोधक त्याचा सल्ला घ्यायला यायचे.

लोएबचं म्हणणं होतं की शुक्रपेशी एक विरघळवणारं द्रव्य घेऊन येते आणि अंड्याचा पृष्ठभाग त्याने वितळतो, म्हणून पडदा उचलला जातो. जस्ट म्हणाला, नाही, हे अंड्याचं स्वतःचं उत्तर आहे. १९१९ साली त्याने सँड डॉलर या सी अर्चिनच्या चपट्या भाऊबंदाच्या अंड्यात पाहिलं की शुक्रपेशी चिकटलेल्या जागेपासून एक बदल पृष्ठभागावर लाटेसारखा पसरतो, आणि पडदा दिसायच्या आधीच अंडं दुसऱ्या शुक्रपेशीला बंद झालेलं असतं. हातात फक्त सूक्ष्मदर्शक होता. कॅल्शियमची लाट प्रत्यक्ष दिसायला पुढे आणखी सहा दशकं जावी लागली.

अशा माणसाला अमेरिकेतल्या एकाही मोठ्या गोऱ्या विद्यापीठाने नोकरी दिली नाही. तो कायम वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात, शिकवण्याच्या ओझ्याखाली, पैशासाठी अर्ज करत राहिला. सुरुवातीला त्याला मदत करणारा लोएबच पुढे त्याच्या विरोधात गेला. शेवटी कंटाळून त्याने युरोप गाठला. नेपल्स, मग बर्लिन, आणि नाझी आल्यावर फ्रान्स. १९३९ साली पेशीच्या पृष्ठभागावरचं त्याचं मोठं पुस्तक निघालं. १९४० मध्ये जर्मन सैन्य फ्रान्समध्ये घुसलं आणि त्याला छावणीत डांबलं गेलं. सुटून तो मायदेशी परतला आणि १९४१ साली स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेला. १९९६ साली अमेरिकेने त्याच्या नावाने टपाल तिकीट काढलं. मेल्यावर पंचावन्न वर्षांनी.

अंड्याला निव्वळ कच्चा माल मानू नका, असं जन्मभर सांगणाऱ्या माणसाला त्याचा समाज मात्र कच्चा मालच मानत राहिला. त्याचा रंग आणि त्याचं संशोधन यांचा थेट संबंध होता असा दावा मी करत नाही. त्याने जे सांगितलं ते पुराव्यावर सांगितलं. पण ज्याला सगळे गृहीत धरतात त्याच्याकडे नीट पाहावं, ही नजर त्याच्याकडे होती, एवढं नक्की. ती नजर माझ्याकडे नव्हती. बरणी रोज हातात घेत होतो, आणि खाला रोज डोळ्यांसमोर मशीन चालवत होती.

आता कुणी विचारेल, “सर, सी अर्चिनचं ठीक आहे, माणसाचं काय? आणि मग पुरुषाचा वाटा काहीच नाही का?”

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. माणूस सी अर्चिन नाही. सस्तन प्राण्यांच्या अंड्यात तो विजेचा अडसर आढळत नाही. पण कातडीखालच्या पिशव्या आपल्याकडेही आहेत. त्यातून ओव्हॅस्टासिन नावाचं विकर बाहेर पडतं आणि अंड्याच्या आवरणातलं एक प्रथिन कापून मागून येणाऱ्यांसाठी दार बंद करतं. म्हणजे आईच्या अंड्याची पूर्वतयारी इथेही आहे.

आणि पुरुषाचा वाटा अर्थातच आहे. निम्मी गुणसूत्रं त्याची. शिवाय सस्तन प्राण्यांत शुक्रपेशी स्वतःसोबत एक विकर घेऊन येते, फॉस्फोलायपेज सी झीटा. २००२ साली ते सापडलं. अंड्यात कॅल्शियमच्या लाटा सुरू करायची ठिणगी तेच टाकतं. काही पुरुषांच्या शुक्रपेशींत हे विकर नसतं किंवा बिघडलेलं असतं. मग शुक्रपेशी सुईने थेट अंड्यात सोडली तरी अंडं जागं होत नाही. आईकडे सगळी शिदोरी तयार, आणि ठिणगीच पडत नाही.

हे वाचताना मला खाला आठवली. तिच्या बाबतीत नेमकं काय झालं होतं ते मी सांगू शकत नाही, कारण ते कधी कुणी पाहिलंच नाही. आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचं कारण एकटं किंवा जोडीला असतं, हे डॉक्टर कधीपासून सांगतायत. वीर्यतपासणी ही सगळ्यांत सोपी, स्वस्त आणि न दुखणारी तपासणी. बाईच्या तपासण्या महागड्या, काही दुखणाऱ्या, काहींना भूल द्यावी लागते. तरी आपण सुरुवात बाईपासून करतो. का? कारण डोक्यात अजून तेच चित्र आहे. बी चांगलंच असतं, दोष जमिनीचा.

शेतकऱ्याला विचारा, तो असं कधी म्हणणार नाही. उगवण झाली नाही तर तो आधी बियाण्याची पिशवी तपासतो, दुकानदाराशी भांडतो, कृषी खात्याकडे तक्रार करतो. आणि जमीन म्हणजे नुसती माती नव्हे, हेही त्यालाच सर्वांत चांगलं माहीत असतं. म्हणजे जी उपमा आपण बायकांना लावतो, ती शेताच्या बाबतीतसुद्धा खरी नाही.

माझ्या दोन साध्या मागण्या आहेत. पहिली आपल्या घरांना. लग्नाला वर्ष उलटून गेलं, मूल व्हावं अशी इच्छा आहे आणि होत नाही, तर दवाखान्यात दोघांनी मिळून जायचं आणि पहिली तपासणी पुरुषाची करून घ्यायची. त्यात मर्दानगीला कमीपणा काही नाही. ज्या बापाला, भावाला आपल्या मुलीची काळजी आहे, त्याने जावयाला हे तोंडावर सांगायला शिकलं पाहिजे. हकीमाकडे जा, दर्ग्यावर जा, नमाजनंतर दुआ करा, कुणी अडवत नाही. पण तो रिपोर्ट आधी आणा. आणि तो यायच्या आत दुसऱ्या निकाहची गोष्ट काढणाऱ्याला बैठकीतून उठवा.

दुसरी मागणी माझ्या व्यवसायबंधूंना. फलनाचा धडा शिकवताना ती शर्यत आणि तो विजेता शुक्राणू बाजूला ठेवा. अंडं काय काय करतं ते सांगा. त्या पंधरा हजार पिशव्या, ती लाट, तो पडदा सांगा. वर्गात बसलेल्या मुली ते वेगळ्या कानांनी ऐकतात आणि मुलंही. वहीत लिहिलेलं वाक्य पुढे कधीतरी घरच्या बैठकीत उपयोगी पडतं. माझ्या घरी पडलं नाही, कारण मी ते तिथे उच्चारलंच नाही.

यंदा जूनमध्ये कॉलेज सुरू झालं तेव्हा मी ती बरणी कपाटातून काढून टेबलावर ठेवली आणि पहिला तास अंड्यापासूनच सुरू केला. तास संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी जवळ आली. बराच वेळ बरणीकडे बघत उभी राहिली आणि मग हळूच म्हणाली, “सर, हे आमच्या भाभीला सांगायला पाहिजे.”

मी म्हणालो, “भाभीला सांगच. पण आधी भाईजानला सांग.”